कादंबऱ्यांचं कपाट आणि संदर्भाचं कपाट

आपल्या सार्वजनिक ग्रंथालयांत पुस्तकांची एक जुनी वाटणी चालत आली आहे. कथा-कादंबऱ्या देवघेव विभागात असतात. अनामत आणि वर्गणी भरली की त्या घरी नेता येतात. कोश, इतिहासाची साधनं, संशोधनपर ग्रंथ हे सगळं संदर्भ विभागात जातं. ते तिथंच बसून वाचायचं असतं, आणि पुष्कळ ठिकाणी त्या कपाटाची किल्ली ग्रंथपालांकडून मागून घ्यावी लागते. दुर्मिळ ग्रंथ हरवू नयेत म्हणून ही व्यवस्था झाली आणि तेवढ्यापुरती ती रास्तच आहे. पण तिच्यामुळे एक समजूत घट्ट झाली, की ही दोन प्रकारची पुस्तकं दोन निरनिराळ्या माणसांसाठी असतात: एक अभ्यासक, दुसरा करमणुकीसाठी वाचणारा. खरेदीची यादी कार्यकारी मंडळापुढे येते तेव्हाही याच समजुतीनं वाद होतो. कुणी म्हणतं, कादंबऱ्यांवर पैसे कशाला उधळायचे; कुणी म्हणतं, जे पुस्तक वर्षात एकदाही कपाटाबाहेर निघत नाही ते घ्यायचंच कशाला. मला असं मांडायचं आहे की दोन्ही पक्ष ज्या गृहीतावर भांडतात तेच चुकीचं आहे. विद्वत्तेचा ग्रंथ आणि लोकप्रिय कादंबरी ही बहुतेक वेळा एकाच वाचकाची पुस्तकं असतात, आणि त्यांची निवडही तशीच, एकमेकांकडे पाहून व्हायला हवी.

१९६७ हे एक साल घेऊ. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा त्याच वर्षाचा. त्याच वर्षी महाभारतावरची दोन मराठी पुस्तकं वाचकांच्या हाती आली. एक इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ आणि दुसरं शिवाजी सावंत यांची कादंबरी ‘मृत्युंजय’. इरावतीबाई डेक्कन कॉलेजातल्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण यांच्याकडे त्यांनी माणसं म्हणून पाहिलं, आणि त्यासाठी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आधाराला घेतली. सावंत कोल्हापुरातले तरुण शिक्षक. त्यांनी कर्णाला नायक केलं. स्वतः कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण अशा निरनिराळ्या तोंडांनी ती कथा सांगितली, आणि मराठीतल्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या कादंबऱ्यांत तिची गणना झाली. आता ही दोन पुस्तकं ग्रंथालयात कुठं असतात? दशांश वर्गीकरण पाळणाऱ्या ग्रंथालयात महाभारताचं विवेचन २९४ या धर्माच्या वर्गात जातं आणि मराठी कादंबरी ८९१मध्ये. दोहोंच्या मध्ये विज्ञान, शेती, वैद्यक, चित्रकला अशी कपाटांमागून कपाटं येतात. कर्णावर जीव जडलेला वाचक ‘मृत्युंजय’ परत करतो आणि त्याच फळीवरची दुसरी कादंबरी घेऊन घरी जातो. याच कर्णाचा हिशोब मांडणारं, सोप्या आणि तेजस्वी मराठीतलं दुसरं पुस्तक इमारतीच्या दुसऱ्या टोकाला आहे, हे त्याला सांगायला तिथं कुणी नसतं.

ते पुस्तक त्याच्या हाती पडतं तर काय झालं असतं, याचं एक उदाहरण थोडं सविस्तर पाहू. कर्णाच्या कथेत लोकांच्या मनात सर्वांत खोल रुतलेला प्रसंग स्वयंवराचा आहे: कर्ण धनुष्याकडे येतो आणि द्रौपदी भर सभेत म्हणते, सूताला मी वरणार नाही. कर्णावरच्या अन्यायाचं सगळं दुःख मराठी मनानं या एका वाक्याभोवती गोळा केलं आहे. चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत मात्र हे वाक्य नाही. विष्णु सीताराम सुखठणकर आणि त्यांच्या मागून आलेल्या संपादकांनी देशभरातल्या साडेबाराशेच्या आसपास हस्तलिखितांची तुलना करून १९६६पर्यंत ही आवृत्ती पूर्णत्वास नेली. जो मजकूर हस्तलिखितांच्या सर्व परंपरांना समान नाही, तो त्यांनी मुख्य संहितेतून काढून खाली टिपांत नोंदवला. द्रौपदीचा तो नकार असा खाली गेला. कादंबरीच्या वाचकाला हे प्रथम कळतं तेव्हा त्याला धक्का बसतो, आणि एखाद्याला वाटेल की विद्वानांनी कादंबरी खोटी पाडली. पण पुढचा प्रश्न विचारून पाहावा. हे वाक्य घातलं कुणी आणि का? कुठल्याशा पिढीतल्या कथेकऱ्याला किंवा लेखनिकाला कर्णाचा अपमान शब्दांत, मोठ्यानं, सर्वांदेखत व्हायला हवा होता. त्याशिवाय कथेतली वेदना पुरी होत नाही असं त्याला वाटलं. त्याच्या श्रोत्यांनाही तसंच वाटलं असलं पाहिजे, म्हणून ते टिकलं. म्हणजे चिकित्सक आवृत्तीच्या त्या टिपा हा शेकडो वर्षांच्या लोकप्रिय कथनाचा जपून ठेवलेला साठाच आहे, आणि सावंतांनी विसाव्या शतकात केलं ते त्याच जुन्या कथेकऱ्यांचं काम. ही गोष्ट एकटी कादंबरी वाचून कळत नाही आणि एकटी चिकित्सक आवृत्ती चाळूनही तिचं महत्त्व जाणवत नाही. दोन्ही वाचणाऱ्यालाच ती दिसते.

इतिहासाच्या बाबतीत हा संबंध आणखी सरळ आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं आहेत, म्हणजे पानिपतकडे नेणारी सगळी वाट. प्रस्तावनेत त्यांनी पराभवाची कारणं सांगताना मल्हारराव होळकर आणि गोविंदपंत बुंदेले यांच्यावर जे ठपके ठेवले, त्यांवर पुढे पिढ्यान्पिढ्या वाद झाला. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी उपलब्ध कागद पुन्हा तपासून पानिपतावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १९४६ साली इंग्रजीत, आणि लढाईला दोनशे वर्षं पुरी झाली तेव्हा, १९६१ साली, मराठीत. मग १९८८ साली विश्वास पाटलांची ‘पानिपत’ कादंबरी आली आणि सदाशिवरावभाऊ घराघरांत पोहोचले. राजवाड्यांनी ज्या पत्रांचा ढीग उपसला, त्या ढिगाशिवाय अशी कादंबरी उभी राहत नाही. आणि कादंबरीशिवाय त्या पत्रांत काय आहे हे जाणून घ्यायची इच्छा लाखो लोकांना झाली नसती. खुद्द राजवाड्यांना हे परकं नव्हतं. दफ्तरं धुंडाळणाऱ्या या माणसानं १९०२ साली ‘कादंबरी’ या विषयावर दीर्घ निबंध लिहिला आणि मराठी कादंबरीला युरोपातल्या कादंबरीशेजारी उभं करून तपासलं. ज्ञानकोशकार केतकर तर याही पुढे गेले. तेवीस खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ तडीस नेणारा हा समाजशास्त्रज्ञ ‘परागंदा’, ‘ब्राह्मणकन्या’ अशा कादंबऱ्या लिहीत होता, कारण जातिव्यवस्थेविषयीचे काही प्रश्न कोशातल्या नोंदीत मावत नव्हते. त्या कादंबऱ्या कलेच्या दृष्टीनं ओबडधोबड आहेत हे मान्य करूनही दुर्गा भागवतांना त्यांच्यावर ‘केतकरी कादंबरी’ हे पुस्तक लिहावंसं वाटलं. ज्यांनी मराठीत ज्ञानाची पायाभरणी केली त्यांनी स्वतः ही वाटणी पाळली नाही, हे आपण विसरू नये.

यावर पहिला आक्षेप असा येतो, आणि तो खोटा नाही, की ऐतिहासिक कादंबरी इतिहास बिघडवते. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’तले माधवराव आणि रमाबाई अनेकांच्या मनात इतिहास म्हणूनच बसले आहेत, लेखकानं कल्पिलेले संवाद लोक पुरावा म्हणून उद्धृत करतात. हा धोका मी कमी लेखत नाही. आज तर तो वाढला आहे, कारण कादंबरीतला प्रसंग मालिकेत जातो, मालिकेतून भाषणात जातो, आणि त्यावरून माणसं एकमेकांवर धावून जातात. पण कादंबरी काढून टाकून यातलं काहीच थांबणार नाही. उपाय देसाईंच्याच दुसऱ्या कादंबरीत सापडतो. ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची प्रदीर्घ प्रस्तावना आहे. शिवचरित्राची साधनं कोणती, त्यांतली कोणती कितपत विश्वासार्ह, कुठले प्रश्न अजून सुटलेले नाहीत, यांची उघड चर्चा तिच्यात आहे, आणि तीही लेखकाला लिहिलेल्या पत्राच्या रूपात, सामान्य वाचकाला समजेल अशी. ज्यानं ज्यानं ती कादंबरी घरी नेली, त्याच्या घरी ही चिकित्साही गेली; संदर्भाच्या कपाटाची किल्ली त्याला मागावी लागली नाही. एका विचारवंतानं लोकप्रिय कादंबरीच्या दारातच उभं राहून वाचकाला सावध केलं, आणि त्यामुळे कादंबरीचं काहीही नुकसान झालं नाही. माझ्या मते मराठी प्रकाशनातली ती फार मोलाची घटना आहे, आणि तिचं अनुकरण व्हायला हवं होतं तितकं झालेलं नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. महाभारत आणि पानिपत ठीक. पण ज्या लोकप्रिय कथांना विद्वत्तेचा काहीच शेजार नाही, त्यांचं काय? बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू या त्यांच्या पात्रांच्या पुस्तकांवर अनेक पिढ्यांना वाचनाची गोडी लागली. गुरुनाथ नाईक, नारायण धारप, सुहास शिरवळकर यांचंही तसंच. यांचं समर्थन करताना नेहमी सांगितलं जातं की असं वाचणारा पुढे गंभीर वाचनाकडे वळतो. मला हे समर्थन अपुरं वाटतं; काही वळतात, काही वळत नाहीत, आणि न वळणाऱ्याचं वाचन कमी प्रतीचं ठरवायचा अधिकार ग्रंथालयाला नाही. खरं कारण दुसरं आहे. मुंबईतल्या मराठी माणसाला गुन्हा, पोलीस, श्रीमंती, परकं शहर यांविषयी काय वाटत होतं, कशाची भीती होती आणि कोणत्या न्यायाची भूक होती, हे उद्याच्या समाजशास्त्रज्ञाला शोधायचं झालं, तर सरकारी अहवालांइतकाच त्याला काळ्या पहाडाचा उपयोग होईल. धारपांच्या भयकथांतली वाडे, वारसा आणि जुनी पापं यांची भीती हासुद्धा बदलत्या समाजाचा दाखला आहे. आणि नेमकी हीच पुस्तकं नाहीशी होतात. स्वस्त कागद, कच्ची बांधणी, हातोहात फिरून फाटलेली पानं. फाटलं की रद्दीत. ज्या पुस्तकाला दुर्मिळ होण्याची सर्वांत जास्त शक्यता, त्याचीच एक प्रत संदर्भ विभागात जपायची कल्पना सहसा कुणाला सुचत नाही.

पैशाचा प्रश्न उरतो. ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळतं, आणि क किंवा ड वर्गातल्या गावच्या ग्रंथालयाला हवी ती सगळी पुस्तकं घेता येत नाहीत हे उघड आहे. पण मी सांगतो त्यात खर्च फारसा वाढत नाही, खरेदीची रीत मात्र बदलते. ‘पानिपत’ची तिसरी प्रत घ्यायची वेळ येते तेव्हा तिच्याऐवजी शेजवलकरांची एक प्रत घ्यावी, आणि ती देवघेव विभागात, घरी नेता येईल अशी ठेवावी. ‘मृत्युंजय’ परत येते तिथंच ‘युगान्त’ दिसेल अशी एक फळी करावी, वर्गांक काहीही असोत. नोंदवहीत ते आपापल्या जागी राहतीलच. अभ्यासकांनीही आपला वाटा उचलावा: पारिभाषिक शब्दांचं ओझं कमी करून, शेवटी सूची आणि सुरुवातीला विषयाची ओळख देऊन लिहावं, कारण मराठी वाचक कठीण विषयाला घाबरत नाही हे इरावतीबाईंनी आणि कुरुंदकरांनी दाखवून दिलं आहे. आणि प्रत्येक जिल्ह्यातल्या निदान एका मोठ्या ग्रंथालयानं आपल्या भागातल्या जुन्या रहस्यकथा, भयकथा, दिवाळी अंक यांच्या उरल्यासुरल्या प्रती मागवून, बांधून घेऊन, ज्ञानकोशाच्या खंडांसारख्याच काळजीनं ठेवाव्यात. वाचकांच्या घरांतल्या पेट्यांत आणि माळ्यांवर त्या अजून आहेत. पुढच्या पिढीनं घर आवरायला काढेपर्यंतच त्या मिळतील.