चोर बाजारातील निनावी चेहरे



मी व्यवसायाने छायाचित्रकार. भाषण करणे हे काही माझे काम नव्हे. तेव्हा जे नेहमी डोळ्यांनी पाहतो तेवढेच तुमच्यापुढे ठेवतो.

मुंबईत भेंडी बाजार आणि नळ बाजाराच्या शेजारी मटण स्ट्रीट नावाची गल्ली आहे. तिलाच आपण चोर बाजार म्हणतो. मूळ नाव ‘शोर बाजार’, इंग्रजांच्या तोंडी त्याचा ‘चोर’ झाला, असे जुने लोक सांगतात. ते कसेही असो, या नावापायी तिथल्या कष्टाळू माणसांना जी थट्टा ऐकावी लागते ती मला रुचत नाही. म्हणून विचारल्याशिवाय मी तिथे कॅमेरा उघडत नाही. शुक्रवारी दुकाने बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावरच जुम्मा बाजार भरतो. नळाच्या तोट्या, सुटे बूट, घड्याळांचे सांगाडे, सारे एका चादरीवर! इतर दिवशी मात्र दुकानांतून झुंबरे, पितळी कुलुपे, व्हॉल्व्हचे रेडिओ आणि आमच्या लहानपणीचा आग्फा क्लिक थ्री कॅमेराही दिसतो. त्याच्या एका रोलमध्ये बाराच फोटो निघत, त्यामुळे माणूस विचार करून बटण दाबी.

ग्रामोफोन पाहिल्याशिवाय कोणी पाहुणा परत जात नाही. पण सावध असा! पुष्कळदा पितळी कर्णा नवा, खोके नवे आणि आतले यंत्र तेवढे जुने असते. जाणता माणूस चकाकीकडे पाहतच नाही. तो खोके उलटे करतो, स्क्रू आणि लाकडाचे सांधे पाहतो. राजा रविवर्म्याचे छापील चित्र आले तर त्याला भिंग लावतो. जुन्या शिळाछापात रंगाचे दाणे वेडेवाकडे विखुरलेले असतात, नव्या छपाईत ठिपक्यांच्या शिस्तशीर रांगा दिसतात. ही विद्या पाठ्यपुस्तकात नाही, वडिलांच्या शेजारी वर्षानुवर्षे बसून ती येते. असा मुलगा दहावीत अडखळला म्हणून त्याला कोणी अडाणी म्हटले तर मी तरी ते मान्य करणार नाही.

तिथेच लाखेच्या जुन्या तबकड्याही मिळतात. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावे, म्हणून गाणे संपताच त्या इंग्रजीतून स्वतःचे नाव सांगत. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी ते नाव अजून ऐकू येते.

त्याच दुकानांत जुन्या फोटोंचे गठ्ठे असतात, आणि माझे पाय तिथे अडतात. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले कुटुंब, मागे रंगवलेला पडदा, शेरवानीतले आजोबा, हातात पुस्तक धरून बसवलेली मुलगी. खाली स्टुडिओचे नाव ठसठशीत छापलेले. बसलेल्यांपैकी कोणाचेच नाव नाही. एकदा बक्षीस समारंभाचा फोटो पाहिला. दोन रांगांत मुली, प्रत्येकीच्या हातात ढाल. त्यांतली कोणी पुढे डॉक्टर झाली असेल, कोणी शिक्षिका. त्यांची नातवंडे कदाचित याच शहरात असतील. पण दुकानदार कळवणार कोणाला? त्याच्या लेखी तो मूठभर रुपयांचा कागद.

घरे हलतात तेव्हा कपाटे रिकामी होतात. भेंडी बाजाराच्या पुनर्विकासासाठी 2009 साली ट्रस्ट स्थापन झाला. साडेसोळा एकरांतल्या जुन्या चाळी जाऊन उंच इमारती उभ्या करण्याचे हे काम आहे. घरे पडकी होती, ती बदलायलाच हवीत. परंतु सामान बांधताना भांडी मोजली जातात आणि फोटोंची पेटी भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते.

विद्यार्थ्यांनो, या सुट्टीत आजीजवळ बसा आणि पेटी उघडा. एकेक चेहरा दाखवून नाव, नाते, गाव आणि अंदाजे साल विचारा. फोटोच्या मागे, कडेजवळ, मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन दाबले की वळ पुढे उमटतो आणि शाई पसरते. अलीकडच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही. तसा फोटो पाकिटात ठेवा, आणि फोटो आत घालण्यापूर्वीच पाकिटावर नावे लिहून घ्या, डावीकडून उजवीकडे, आधी मागची रांग.