तंत्रज्ञांचे मतभेद आणि मालकीचा प्रश्न



‘तंत्रज्ञान तंत्रज्ञांवर सोपवा, त्यात राजकारण आणू नका’ हा उपदेश राजकीय कार्यकर्त्याला नवा नाही. धरणांपासून बँकांच्या संगणकीकरणापर्यंत प्रत्येक वादात तो ऐकू आलेला आहे. परंतु संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या मंडळींतच या प्रश्नावर गेली चार दशके तीव्र मतभेद आहेत. जगभर विखुरलेली ही माणसे एकमेकांचे तोंड न पाहता एकत्र काम करतात आणि तितक्याच आवेशाने भांडतात. समाजवादी चळवळीने त्या भांडणाकडे परक्याचे भांडण म्हणून पाहता कामा नये. त्याच्या मुळाशी उत्पादनसाधनांच्या मालकीचा जुनाच प्रश्न आहे.

1983 साली अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावलीचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो कंपन्या गुपित ठेवू लागल्या होत्या. स्टॉलमन यांचे म्हणणे असे की, आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालवण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे आणि इतरांना देण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याला असले पाहिजे. 1989 मध्ये त्यांनी तयार केलेल्या सार्वजनिक परवान्याने स्वामित्वहक्काच्या कायद्याचेच शस्त्र उलटे वापरले. सुधारित आज्ञावली जो वाटेल, त्याने तिचा मूळ मजकूरही त्याच अटींवर खुला केला पाहिजे, असे त्यात बजावले होते. 1991 मध्ये हेलसिंकीचे विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स यांनी ‘लिनक्स’ प्रसिद्ध केले आणि पुढील वर्षी याच परवान्याखाली आणले.

फूट पडली ती 1998 साली. काही तंत्रज्ञांना ‘स्वातंत्र्य’ हा शब्दच अडचणीचा वाटू लागला. त्याने उद्योगपती बिचकतात, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी ‘ओपन सोर्स’ हे नवे नाव पुढे केले. अनेकांच्या नजरेखालून गेलेली आज्ञावली अधिक निर्दोष होते, म्हणून ती खुली ठेवावी, एवढाच त्यांचा युक्तिवाद होता. दोन्ही पक्षांचा माल बहुतांशी एकच. एकाने न्यायाची भाषा धरली, दुसऱ्याने कार्यक्षमतेची. दुसऱ्याने राजकारण वर्ज्य केले, असे तो म्हणतो. वस्तुतः भांडवलाला रुचेल ते राजकारण त्याने पत्करले.

तथापि या दुसऱ्या पक्षाचीही बाजू आहे. कंपन्यांनी पैसा आणि माणसे पुरवली नसती तर या आज्ञावल्यांचा आजचा विस्तार झाला नसता, हे नाकारता येणार नाही. प्रश्न एवढाच की, त्या विस्ताराचे फळ कोणाच्या पदरात पडले? 2014 मध्ये ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीत ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष सापडला. जगातील असंख्य संकेतस्थळांची गुप्तता जिच्यावर विसंबून होती, तिच्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस जवळपास एकटाच होता, हे तेव्हा उघड झाले. पुढे 2019 मध्ये, लिनक्सच्या वितरणावर व्यवसाय उभारणारी ‘रेड हॅट’ ही कंपनी आयबीएमने सुमारे 3,400 कोटी डॉलरना विकत घेतली. विहीर गावाची, गाळ काढणारा एक, आणि पाणी विकणारे मात्र दुसरेच!

1952 साली पचमढीच्या अधिवेशनात डॉ. राममनोहर लोहियांनी बजावले होते की, भांडवलशाही आणि साम्यवाद यांचा झगडा मालकीपुरता आहे; उत्पादनाचे तंत्र दोघांनीही एकच मानले आहे. केवळ मालकीहक्काचा कागद बदलल्याने सत्तेचे केंद्र हलत नाही, हा त्यातून निघणारा बोध येथेही लागू पडतो. आज्ञावली सर्वांची झाली, पण ती चालवणारी प्रचंड यंत्रागारे मूठभर कंपन्यांचीच राहिली.

परवान्यातच नैतिक अट घालावी काय, हा अलीकडचा वाद. ऑगस्ट 2018 मध्ये ‘लर्ना’ या प्रकल्पात तशी अट घालण्यात आली. स्थलांतरितांवर कारवाई करणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेशी सहकार्य करणाऱ्या कंपन्यांना तिने बंदी केली. लगेच गदारोळ झाला आणि ती मागे घ्यावी लागली. विरोधकांचा मुद्दा निर्बुद्ध नव्हता. आज एकाला वगळणारी अट उद्या दुसऱ्याला वगळील, आणि मग ‘सर्वांचे’ या शब्दाला अर्थ उरणार नाही.

त्याच वर्षी गुगलमध्ये निराळा मार्ग चोखाळला गेला. अमेरिकी सैन्याच्या ‘प्रोजेक्ट मेवन’ या कामाविरुद्ध हजारो कर्मचाऱ्यांनी पत्रावर सह्या केल्या, काहींनी राजीनामे दिले. जूनमध्ये, कराराचे नूतनीकरण करणार नाही, असे कंपनीला सांगावे लागले. कागदावरच्या अटीला जे साधले नाही ते श्रमिकांच्या एकजुटीने साधले. परंतु 2024 मध्ये इस्रायली सरकारबरोबरच्या कराराचा निषेध करणाऱ्या कर्मचाऱ्यांना याच कंपनीने कामावरून काढले. 2025 च्या फेब्रुवारीत शस्त्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता न वापरण्याचे वचनही आपल्या तत्त्वांतून वगळले. कायम संघटनेची जोड नसेल तर मोहिमेचे यश टिकत नाही, हे गिरणगाव पाहिलेल्या कार्यकर्त्याला वेगळे सांगावयास नको.

भारतात हा प्रश्न दूरचा नाही. केरळच्या सरकारी शाळांत संगणक-शिक्षण आले तेव्हा शिक्षक संघटनांनी एका कंपनीच्या मालाची मक्तेदारी नाकारली, आणि तेथे मुक्त सॉफ्टवेअर रुजले. केंद्र सरकारनेही 2015 मध्ये ओपन सोर्सला अग्रक्रम देणारे धोरण जाहीर केले. पण धोरण जाहीर होणे निराळे आणि तालुक्याच्या कचेरीत ते अमलात येणे निराळे. शिधावाटप असो वा रोजगार हमीची हजेरी, गरिबाचा हक्क आज आज्ञावलीच्या होकारावर अवलंबून आहे. अंगठा जुळत नाही म्हणून धान्य नाकारले गेले, तर तो निर्णय कोणत्या नियमाने झाला हे त्या बाईला कळले पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे तीन कामे आहेत. सार्वजनिक पैशातून तयार होणारी आज्ञावली सार्वजनिकच राहिली पाहिजे, अशी मागणी प्रत्येक नगरपालिकेत आणि जिल्हा परिषदेत करावी. संगणक क्षेत्रातील तरुण पांढरपेशा असला तरी तो श्रमिकच आहे, हे ओळखून त्याच्या संघटनेला हात द्यावा. आणि यंत्राने हक्क नाकारला तर माणसाकडे दाद मागण्याची सोय असल्याशिवाय ते यंत्र बसवू देऊ नये. तंत्रज्ञांमधील वाद त्यांच्या पद्धतीने चालूच राहील. त्यात श्रमिकांच्या बाजूने बोलणारा कोणी असावा, ही जबाबदारी मात्र चळवळीची आहे.