मुलींच्या मेंदूविकारावरील जनुक-संशोधन



मी कापडाचा व्यापारी. शिक्षण वाणिज्य शाखेचे. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही. तरीही हा विषय घेतला, कारण आजारी मुलीच्या आईला दोष देण्याची रीत आपल्या घरांतून अद्याप गेलेली नाही.

रेट सिंड्रोम हा विकार साधारणतः दहा हजार मुलींत एकीला होतो. पहिले सहा ते अठरा महिने बाळ नीट वाढते. पुढे शिकलेले शब्द जातात, हातांचा उपयोग हरपतो, हात सतत चोळले जातात. व्हिएन्नाचे डॉ. आंद्रेआस रेट यांनी १९६६ मध्ये त्याचे वर्णन केले. कारण मात्र १९९९ मध्ये अमेरिकेत डॉ. हुदा झोगबी यांच्या प्रयोगशाळेत सापडले : एक्स गुणसूत्रावरील एमईसीपी-२ या जनुकातील बिघाड. मेंदूच्या पेशींतील इतर असंख्य जनुकांचे नियमन या जनुकाच्या प्रथिनाकडे असते. बहुतेक रुग्णांत हा बिघाड वंशपरंपरेने न येता नव्यानेच उद्भवतो, आणि तोही बहुधा पित्याकडून आलेल्या गुणसूत्रावर. मग सुनेला बोल कशासाठी?

मुलीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात. त्यांतील एक गर्भावस्थेतच मूक होते, हे ब्रिटनच्या मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडले. म्हणजे ज्या पेशीत बिघडलेले जनुक चालू आहे, तिथेच चांगले जनुक निजलेले असते. माल आहे, पण गोदामाला कुलूप! ते उघडण्याचे संशोधन चालू आहे. एडिनबरा येथील एड्रियन बर्ड यांच्या गटाने २००७ मध्ये उंदरांतील बंद केलेले हे जनुक पुन्हा चालू केले, तेव्हा विकार जडलेले उंदीरही बरेच सुधारले. मेंदूच्या पेशी मेलेल्या नव्हत्या, हे त्यातून कळले.

अडचण मापाची आहे. याच जनुकाची एक प्रत अधिक झाली तरी गंभीर विकार होतो, तो मुख्यतः मुलग्यांत. शिवाय अख्खे गुणसूत्र जागे केले तर त्यावरील इतर शेकडो जनुकेही जागी होतील. बाहेरून जनुक पोचविण्याच्या मानवी चाचण्या २०२३ मध्ये सुरू झाल्या. त्यांतील एकीत अधिक मात्रा घेतलेल्या रुग्णाचा २०२४ मध्ये मृत्यू झाला. ती मात्रा पुढे बंद करण्यात आली. ट्रोफिनेटाइड हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झाले, पण ते लक्षणांवर आहे, जनुकावर नव्हे.

तेव्हा जनुकोपचाराने हमखास बरे करतो, असे सांगून कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. आणि घरात समारंभ असेल तेव्हा अशा मुलीला मागच्या खोलीत ठेवू नये. या मुली नजरेने पुष्कळ सांगतात. नजरेवर चालणारे संगणकही आता मिळतात.