काटोल रस्त्यावरची शिलावर्तुळे



नागपुरातून काटोलच्या रस्त्याने निघाले की उघडीबोडकी टेकाडे दिसू लागतात. मुरमाड जमीन, बोरी-बाभळींची खुरटी झुडपे, पावसाळ्यानंतर कमरेएवढे गवत. भारताच्या प्राचीनतेचा विषय निघाला की नागपूरकरास हडप्पा आठवते, लोथल आठवते. घरापासून दोन-तीन कोसांवरचे जुनापाणी मात्र आठवत नाही. तेथे सुमारे तीनशे शिलावर्तुळे आहेत. वीस ते पन्नास फूट व्यासाच्या घेऱ्यात काळे धोंडे मांडलेले, आत दगडगोट्यांचा भराव आणि त्याखाली मृतांसोबत पुरलेली मडकी व लोखंडी हत्यारे. काही धोंड्यांवर वाटीएवढे खळगे ओळीने कोरलेले आहेत.

या दगडांपायी एका अभ्यासकाचा जीव गेला आहे. ख्रिस्ती मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची वर्तुळे पाहून परतत असता रात्री पुराने फुगलेल्या ओढ्यात बुडाला. त्याच्या धर्मप्रचाराविषयी मतभेद राहतीलच. परंतु भर पावसाळ्यात या माळावर जाण्याची त्याची जिज्ञासा अस्सल होती, हे मान्य केले पाहिजे.

पुढे रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने जुनापाणीची वर्तुळे उकरली आणि खळग्यांची तुलना युरोपातील तशाच खुणांशी केली. साम्य दिसले की नाते जोडायचे, ही त्या काळची रीत. स्वातंत्र्यानंतर बा. कृ. थापर यांनी जुनापाणीला शास्त्रशुद्ध उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नायकुंड येथे वर्षानुवर्षे काम केले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील एक समाज त्यातून उभा राहिला.

नायकुंडला पेंच नदीकाठी लोखंड गाळण्याची भट्टी सापडली : वक्र विटांची, भात्याच्या नळीसह. ज्यांना केवळ दफनांवरून ‘रानटी’ ठरवले गेले असते, ते धातुविद्येत निष्णात होते. माहुरझरीच्या दफनांत तर माणसाशेजारी घोडा आढळला. त्याच्या मस्तकावर तांब्याची आभूषणे होती. धन्याइतकाच मान त्या जनावराला मिळाला असावा.

घोडा म्हटला की आर्यांचा वाद आलाच, आणि दोन्ही बाजूंचे लोक तलवारी उपसतात. पण माहुरझरीचा घोडा त्या वादात कोणाच्याच कामाचा नाही. तो पुष्कळ नंतरच्या काळातला आहे, आणि धन्याची भाषा त्याच्या हाडांवर लिहिलेली नाही. इंग्रजाने खळगे पाहून घाईने नाते जोडले, तशीच घाई स्वकीयांनी केली तर तिला संशोधन म्हणता येणार नाही.

खरी निकड वेगळीच आहे. उत्खनन फार थोड्या वर्तुळांचे झाले. काही माळ सरकारच्या संरक्षित यादीत असले तरी यादीबाहेरची वर्तुळे मुरमाच्या खाणीत, नव्या वस्त्यांच्या पायात आणि शेताच्या बांधात जातात. बांधाला लावलेला धोंडा सुरक्षित असतो, पण तो कोणत्या घेऱ्यातला हे पुढे कोणी सांगू शकत नाही. म्हणून उत्खननाआधी पाहणी हवी : प्रत्येक टेकाड पायी तुडवायचे, वर्तुळ मोजायचे, नकाशावर टिपायचे. गवताने झाकलेला माळ पावसाळ्यात काहीच दाखवीत नाही. हे काम चैत्र-वैशाखाच्या उन्हातच होते, जेव्हा झुडपे निष्पर्ण होतात आणि धोंडे उघडे पडतात.