घरपट्टी आणि विद्यापीठाची फी

श्रोतेहो, घरपट्टीचा आणि कॉलेजच्या फीचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर आपण हसाल. पण अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात हा संबंध लोकांना चांगलाच उमगला. तीच हकिकत आज सांगणार आहे.

तिथली एक रीत आधी समजून घ्या. करासारखा प्रश्न नेहमी विधिमंडळातच सुटतो असं नाही. पुरेशा मतदारांनी सह्या केल्या, की तो थेट मतपत्रिकेवर येतो आणि लोक 'होय' किंवा 'नाही' असा कौल देतात.

१९६० साली या राज्यानं उच्च शिक्षणाची मोठी योजना आखली. राज्यातल्या मुलांकडून शिकवण्याचा खर्च घ्यायचा नाही, हे तिचं एक तत्त्व. पुढे घरांच्या किमती भडकल्या, त्यांच्यामागोमाग घरपट्टीही. म्हाताऱ्या माणसांना राहतं घर सोडावं लागेल अशी धास्ती पडली. मग १९७८ साली १३ क्रमांकाचा प्रस्ताव आला. घरपट्टी किमतीच्या १ टक्क्याहून जास्त नको, आणि घर विकलं जाईपर्यंत ती किंमत वर्षाला २ टक्क्यांहून अधिक चढवायची नाही, असा तो होता. शेकडा ६५ जणांनी 'होय' म्हटलं. त्यांचं गाऱ्हाणं काही खोटं नव्हतं.

पण घरपट्टीचं उत्पन्न निम्म्याहून अधिक घटलं. शाळा आणि स्थानिक कारभार सावरायला राज्याची तिजोरी धावली. १९८८ साली दुसऱ्या एका प्रस्तावानं शाळांसाठी आणि दोन वर्षांच्या कॉलेजांसाठी ठराविक रक्कम राखून ठेवली गेली. विद्यापीठांना मात्र असं कवच नव्हतं. त्यामुळे टंचाई आली, की कात्री तिथे लागायची आणि तूट फीमधून भरायची. फी सुरू झाली होती १९७० पासूनच; २००८ च्या मंदीनंतर ती भराभर चढली. कॅलिफोर्निया विद्यापीठाची फी २०११ साली वर्षाला १२,१९२ डॉलरवर गेली. दहा वर्षांत तिपटीहून जास्त!

२०१२ साली गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी ३० क्रमांकाचा प्रस्ताव लोकांपुढे ठेवला. विक्रीकर डॉलरमागे पाव सेंट वाढवायचा आणि बड्या मिळकतीवर जादा प्राप्तीकर बसवायचा, दोन्ही ठराविक वर्षांपुरतेच. प्रस्ताव पडला, तर राज्याच्या दोन्ही विद्यापीठ-व्यवस्थांचे प्रत्येकी २५ कोटी डॉलर कापले जाणार, हे अंदाजपत्रकात आधीच ठरलेलं होतं. शेकडा ५५ जणांनी 'होय' म्हटलं. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठानं वाढवलेली ४९८ डॉलरची फी मागे घेतली आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची फी २०१७ पर्यंत तिथेच थांबली. त्या साली मात्र ती पुन्हा वाढली.

यातून घ्यायचं काय? कर उतरला म्हणून खर्च उतरत नाही. ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातं, एवढंच. आणि २०११ साली ज्या मुलांच्या खांद्यावर ते आलं, त्यातल्या बहुतेकांचा १९७८ साली जन्मही झाला नव्हता. मग मत कुठून देणार?

शिक्षक बंधुभगिनींनो, नागरिकशास्त्राच्या तासाला ही हकिकत जरूर सांगा. आणि मंडळी, कर कमी करण्याची गोष्ट निघाली, की आनंद अवश्य माना. पण त्याबरोबर एक प्रश्नही विचारा: आता हा खर्च कुणाच्या माथी?