गोकाकचे पाणी



बेळगावहून साठेक किलोमीटरवर असलेला गोकाकचा धबधबा येथील बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. घटप्रभा नदी तेथे सुमारे 52 मीटर, म्हणजे 170 फूट, खाली कोसळते. कड्याचा आकार घोड्याच्या नालासारखा आहे. आषाढ-श्रावणात तांबूस, मातकट पाण्याचा लोट त्यावरून उतरू लागला की काठावर शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. नदीवर तारांचा झुलता पूल आहे, काठाला चालुक्यकालीन शैलीचे महालिंगेश्वराचे मंदिर आहे. जुन्या काळी प्रवासी 'गोकाक रोड' स्थानकावर उतरत. 

तोच प्रवासी उन्हाळ्यात गेला तर त्याला उघडा काळा कातळ दिसतो आणि तो हिरमुसतो. सारा दोष मग गिरणीवर येतो. पाण्याच्या या उतारावर डोळा ठेवूनच 1880 च्या दशकात येथे सूतगिरणी उभी राहिली आणि 1887 च्या सुमारास तिची यंत्रे या पाण्याच्या बळावर चालू लागली. देशातील पहिली जलविद्युत येथलीच, असे अनेकदा अभिमानाने सांगितले जाते. परंतु पाण्याच्या जोरावर यंत्र फिरविणे आणि वीज निर्माण करणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या जलविद्युत केंद्राचा मान सामान्यतः दार्जिलिंगजवळच्या 1897 च्या केंद्राला दिला जातो. गोकाकचे मोठेपण त्यामुळे उणे होत नाही. आडरानातल्या एका कड्यापाशी कामगारांची वसाहत वसली, पिढ्यान्‌पिढ्यांची चूल पेटली, ती याच पाण्यामुळे.

पण पाणी अडविणारी गिरणी एकटी नव्हती. धबधब्याच्या वरच्या अंगाला धुपदाळ येथे बंधारा होऊन कालव्याने पाणी शेतीला गेले. त्याच्याही वर हिडकलचे मोठे धरण झाले. हिडकलचे पाणी बेळगाव शहर पिते. शहराचा दुसरा आधार राकसकोपचा, आणि तो मार्कंडेय नदीवर. गोकाकजवळच गोडचिनमलकी येथे रानात कोसळणारा, तुलनेने कमी गर्दीचा धबधबा आहे, तो याच मार्कंडेयेचा. म्हणजे दोन्ही धबधब्यांच्या नद्यांचे पाणी वाटेतच थोडे आपल्या घागरीत उतरते. कोरड्या कातळाकडे पाहून हळहळणाऱ्या बेळगावकराच्या हातातली पाण्याची बाटली घरच्या नळावरच भरलेली असते!