कणाची गोलाई, कारखान्याची हवा



सौंदर्यप्रसाधनांच्या कच्च्या मालाबद्दल चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियात, आणि तेही मराठीत बोलायला मिळतंय, याचा मला फार आनंद आहे. विषयाला ही जागा शोभते. इथल्या पहिल्या फेजमध्ये एलांटे मॉल आहे, तिथे फाउंडेशन आणि फेस पावडर काचेच्या काउंटरवर विकली जाते. त्याच वस्तीत लेथवर काम करणारे, नट-बोल्ट पाडणारे छोटे कारखाने आहेत. जवळच बद्दीला औषधांच्या गोळ्या बनतात, म्हणजे भुकटी हाताळण्यात मुरलेली माणसं हाकेच्या अंतरावर आहेत. ग्राहक, यंत्राचा कारागीर आणि पावडरचा जाणकार, तिघेही इथे आहेत. पण गुळगुळीत, गोल सेल्युलोज कण म्हटलं की नावं पुढे येतात ती जपानची: दाइतो कासेइ, रेन्गो, दाइसेल. आजचं माझं बोलणं या कणाबद्दल आहे.

कण गोल कशाला हवा? चिमूटभर पावडर अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळून पाहा. साधारण 5 ते 15 मायक्रॉनचा गोल कण बोटांखालून घरंगळतो, क्रीम त्वचेवर सहज पसरतं, प्रकाश विखुरला जातो आणि बारीक सुरकुत्या कमी दिसतात. आजवर हे काम नायलॉन-12 आणि पीएमएमए या प्लास्टिकच्या पावडरी करत आल्या. तोंड धुताना त्या मोरीत जातात, तिथून नदीत. अमेरिकेने 2015 साली कायदा करून धुऊन टाकायच्या प्रसाधनांतले प्लास्टिकचे मणी बंद केले. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने 2017 साली अशा मण्यांना प्रसाधनांसाठी असुरक्षित ठरवलं. युरोपीय संघाचा 2023 चा नियम आणखी पुढे गेला: धुऊन टाकायच्या उत्पादनांना 2027 पर्यंत, त्वचेवर राहणाऱ्या क्रीमना 2029 पर्यंत आणि मेकअपला 2035 पर्यंत मुदत. युरोपला माल पाठवणाऱ्या कारखानदाराने ही सालं भिंतीवर लिहून ठेवावीत.

प्लास्टिकच्या जागी सेल्युलोज आणावं, हे बोलायला सोपं आहे. औषधाच्या गोळीत आपण जे मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज घालतो, ते सूक्ष्मदर्शकाखाली धरा. मोडक्या काटक्यांचा ढीग दिसतो. आम्लाने तंतूचा सैल भाग खाऊन टाकला की उरतो तो तुकडा, आणि तुकड्याला कडा असतात. कितीही दळलं तरी त्याला गोलाई येत नाही. गोलाई येते ती थेंबातून. म्हणून आधी सेल्युलोज विरघळवायला हवं, आणि नेमकं तेच त्याला मान्य नसतं. त्याच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना इतक्या घट्ट धरून असतात की साधं पाणी किंवा अल्कोहोल त्यांना सोडवू शकत नाही.

क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी 1892 मध्ये यावर वाट काढली. सेल्युलोज कॉस्टिकमध्ये भिजवायचं, कार्बन डायसल्फाइडशी त्याची प्रक्रिया करायची, की नारिंगी रंगाचं दाट द्रावण मिळतं, तेच व्हिस्कोज. बारीक छिद्रांतून आम्लात सोडलं की रेयॉनचा धागा. महाराष्ट्राला हे नवं नाही. कल्याणजवळ शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे, आणि व्हिस्कोज पिकणं म्हणजे काय हे कळणारी माणसं त्या पट्ट्यात आहेत. हेच द्रावण न मिसळणाऱ्या तेलकट द्रवात घुसळलं तर त्याचे थेंब होतात. थेंब आपोआप गोल होतो, ते पृष्ठताणाचं काम. आपलं काम एवढंच, की तो घट्ट होईपर्यंत त्याची गोलाई मोडू द्यायची नाही.

हे ‘एवढंच’ काम माणसाची परीक्षा पाहतं. घुसळणीचा वेग वाढवला की थेंब लहान होतात. पृष्ठक्रियाकारक कमी पडला की ते एकमेकांत मिसळतात आणि जोडकण तयार होतात. आम्ल एकदम ओतलं की बाहेरचा थर आधी आवळतो, आतला भाग नंतर आकसतो, आणि कण मनुकेसारखा सुरकुततो. स्प्रे ड्रायरमध्ये, म्हणजे द्रावणाचे थेंब गरम हवेत फवारून सुकवतानाही, हाच घोळ होतो. वाफ थेंबाच्या पृष्ठावरून झपाट्याने निघून जाते, विरघळलेला पदार्थ तितक्या लवकर आत सरकू शकत नाही, म्हणून वर कवच धरतं आणि पुढे ते आत ओढलं जातं. हवा थोडी कमी गरम ठेवावी लागते, उत्पादन घटतं आणि मालकाच्या कपाळावर आठ्या पडतात. मी नेहमी मंद सुकवणीच्या बाजूने बोलेन.

शेवटची अडचण धुतल्यानंतर येते. ओला कण सुंदर गोल असतो. सुकताना त्याच्या छिद्रांतलं पाणी भिंतींना आत खेचतं, छिद्रं बुजतात, शेजारचे कण चिकटतात आणि ट्रेमध्ये पावडरऐवजी ढेकळं मिळतात. एकदा असं घट्ट झालेलं सेल्युलोज पुन्हा पाण्यात पूर्वीसारखं फुगत नाही. म्हणून सुकवण्याआधी पाण्याच्या जागी अल्कोहोल आणावं लागतं. दुसरा मार्ग सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा आहे. ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, काम सोपं होतं, कणही देखणा येतो. पण ते रासायनिक बदल केलेलं बहुलक आहे. युरोपात सूट हवी असेल तर त्याचं जैवविघटन चाचणीने सिद्ध करावं लागतं, आणि अ‍ॅसिटिल गटांचं प्रमाण जितकं जास्त तितकं ते विघटन मंद.

आता ज्यासाठी मी उभा आहे ते सांगतो. कार्बन डायसल्फाइड हे मज्जातंतूंचं आणि हृदयाचं विष आहे. पॅरिसच्या डॉक्टर देलपेश यांनी रबर कामगारांवरचा त्याचा परिणाम 1856 मध्येच लिहून ठेवला होता. नदीतला मासा वाचावा म्हणून आपण प्लास्टिक सोडणार आणि रिअ‍ॅक्टरपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासात विष भरणार असू, तर डबीवर ‘निसर्गातून’ असं छापण्याचा आपल्याला हक्क नाही. व्हिस्कोज वाईटच असं मी म्हणत नाही. बंद यंत्रणा आणि वायू परत मिळवायची सोय असेल तर ते करता येतं. पण ती सोय नसलेल्या छोट्या शेडमध्ये ते कुणी करू नये. अशा शेडसाठी वुहानच्या प्राध्यापक झांग लीना यांनी दाखवलेला मार्ग मला जवळचा वाटतो: सुमारे 7 टक्के कॉस्टिक, 12 टक्के युरिया, उणे 12 अंशांना थंड केलेलं पाणी, आणि सेल्युलोज काही मिनिटांत विरघळतं. मोठ्या लांबीच्या साखळ्यांना ते जमत नाही, द्रावणही पातळच ठेवावं लागतं. तरीही त्यात डायसल्फाइड नाही, आणि ही दोन्ही रसायनं वापरायची सवय आपल्याला आहे.

कच्चा माल कुठला? इथे आल्यावर सगळे परालीचं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचं, नाव घेतात, आणि तो जाळल्याचा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला धूर पाहिला की ते स्वाभाविकही आहे. पण या पेंढ्यात सिलिका भरपूर असते. ती कॉस्टिकमध्ये विरघळते आणि पुढे पेंढा शिजवून उरलेल्या काळ्या द्रावात त्रास देते. प्रसाधनासाठी शुभ्र, शुद्ध सेल्युलोज लागतं. पेंढ्यावर संशोधन जरूर व्हावं, पण सुरुवात लिंटरपासून करावी असं माझं ठाम मत आहे. जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहतो तो आखूड तंतू तेलगिरणीत वेगळा काढतात, तोच लिंटर. बठिंडा-मानसाच्या सरकीला आणि यवतमाळ-अकोल्याच्या सरकीला तो सारखाच असतो. माटुंग्याला 1924 साली सुरू झालेली कापूस तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा, म्हणजे आजची सिरकॉट, हिने 2015 साली नॅनोसेल्युलोजचा पथदर्शी प्रकल्प उभा केला. कापसातून सूक्ष्म कणापर्यंत जाण्याचं ज्ञान देशात आहे. ते कारखान्याच्या दारापर्यंत यायला हवं.

फॉर्म्युलेशन करणाऱ्या मित्रांना एक सूचना. सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. नायलॉनच्या जागी तेवढ्याच वजनाचं सेल्युलोज टाकून मोकळं होऊ नका. क्रीम घट्ट होईल, ओलाव्यामुळे जंतूंची चाचणीही पुन्हा करावी लागेल. त्वचेवरचं तेल शोषण्यात मात्र सच्छिद्र कण फार चांगला आहे. आपल्या दमट किनारपट्टीवरच्या ग्राहकाला तो आवडेल.

परिषदेपुढे माझा प्रस्ताव असा. इथल्या छोट्या उद्योगांनी मिळून एक सामाईक चाचणी-केंद्र उभारावं: एक जॅकेट असलेला रिअ‍ॅक्टर, एक स्प्रे ड्रायर, कणमापक यंत्र आणि चांगला सूक्ष्मदर्शक. यातली बरीच जोडणी इथलेच कारागीर करू शकतील. आणि प्रत्येक नमुन्याच्या तपशीलपत्रकात कणाचा आकार, गोलाई, तेल शोषण यांच्याबरोबर आणखी दोन ओळी असाव्यात: कोणता द्रावक वापरला, आणि त्यातला किती परत मिळवला. ठरावाचा मसुदा दुपारच्या सत्रात येईल. त्यावर सगळ्यांनी बोलावं, आणि जे रोज रिअ‍ॅक्टरपाशी उभे असतात त्यांनी आधी बोलावं, अशी माझी विनंती आहे.